वायर, तार आणि केबल : नावांचे नेमके अर्थ

काही वर्षांपूर्वी एका गावच्या शाळेचे मागणीपत्र प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात आले. शाळेच्या विहिरीवरील पंपाची जोडणी नव्याने करावयाची होती. त्यासाठी लागणाऱ्या सामानाच्या यादीत एक ओळ अशी होती : ‘वायर, बंडल १.’ दुकानदाराने यादीप्रमाणे एक बंडल दिले. तांबड्या व काळ्या अशा दोन पदरांना पीळ घातलेली ती मऊ वायर होती. चवथीच्या दिवसांत माटोळीभोवती दिव्यांच्या माळा सोडण्यासाठी आपण वापरतो, तीच. एक अश्वशक्तीचा पंप तिच्यावर सारा उन्हाळा चालला. जूनच्या आरंभी एका दुपारी शिपायाला जळका वास आला. भिंतीवरील खिळ्यापाशी वायरचे आवरण मऊ होऊन वितळू लागले होते आणि आतले तांबे खिळ्याला टेकण्यास केसभराचे अंतर उरले होते. त्याने धावत जाऊन मेन स्विच पाडला म्हणून पुढचे टळले. त्या खिळ्याखालीच पाण्याची पिंपे होती, आणि मधल्या सुटीत मुले तेथे गर्दी करीत.

मागाहून विचारपूस झाली तेव्हा प्रत्येकाने आपापले काम केल्याचेच निघाले. मुख्याध्यापकांनी वायर मागितली होती, दुकानदाराने वायर दिली होती, आणि वायरमनने वायर जोडली होती. वायरमनला अधिक कळावयास हवे होते, हे खरे. तथापि चुकीचे मूळ त्या एका शब्दातच होते.

विजेच्या सामानाच्या बाबतीत आपली बोली फार सैल आहे. खांबावरची ती वायर, भिंतीतल्या नळीतून गेलेली ती वायर, इस्त्रीला जोडलेली ती वायर, आणि जमिनीखालून गेलेली मनगटाएवढी जाड वस्तू तीही वायरच. शेतीच्या बाबतीत आपण असे कधी करीत नाही. तरवा, भात, तांदूळ आणि शीत ही एकाच धान्याची चार रूपे, पण त्यांच्या नावांत शेतकऱ्याची गल्लत होत नाही, कारण त्या प्रत्येक रूपाशी त्याचे निराळे काम पडते. वीज मात्र आपल्या घरी आयती आली, आणि तिच्याबरोबर आलेले शब्द आपण गाठोडे न सोडताच माळ्यावर ठेवून दिले. ते गाठोडे थोडेसे सोडून पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम ‘तार’ हा आपला जुना शब्द घेऊ. सोनार छिद्रे पाडलेल्या पोलादी पट्टीतून सोन्याचा तुकडा ओढून बारीक करतो, ती तार. तंबोऱ्याची तारही अशीच ओढून काढलेली असते, आणि विजेची तारही. तार म्हणजे ओढून लांब केलेला धातूचा एकच धागा, हा तिचा मूळ अर्थ. मधल्या काळात संदेश पोचविणाऱ्या यंत्रणेमुळे ‘तार’ म्हणजे तातडीचा निरोप असाही अर्थ रूढ झाला आणि तार आली म्हणताच घरोघर धस्स होऊ लागले. भारतातील ती सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. आता हा शब्द पुन्हा आपल्या मूळ कामाला मोकळा झाला आहे. तेव्हा तार म्हणावयाचे ते नुसत्या, उघड्या धातूच्या धाग्याला म्हणावे.

‘केबल’ हा मूळचा जहाजावरील शब्द. नांगराचा जाडजूड दोर म्हणजे केबल. गोव्यातील वाचकांना याच अर्थाचा पोर्तुगीज शब्द ‘काबो’ हा ओळखीचा वाटेल. अर्थात दोना पावलापलीकडील ज्या भूशिरावर राज्यपालांचे निवासस्थान आहे त्याचे नाव ‘काबो’ असले, तरी तेथे त्या शब्दाचा अर्थ भूशिर असा आहे. उच्चार एक, शब्द दोन. अनेक पेडांचा दोर वळावा तसे अनेक धागे एकत्र वळून, त्यांवर आवरणे चढवून जी वस्तू तयार होते, तिला विजेच्या व्यवहारात केबल हे नाव मिळाले. आजच्या मुलांना केबल म्हटले की दूरचित्रवाणी आठवते. तीही एक केबलच आहे, पण ती चित्राचे संकेत वाहते, पंप फिरविणारी शक्ती नव्हे.

आता एक गमतीची गोष्ट. बाजारात आपण जिला ‘हाउस वायर’ म्हणतो, म्हणजे एका तांब्यावर एकच रंगीत आवरण असलेली, घराच्या वायरिंगची साधी वायर, तिलाही भारतीय मानक ‘केबल’च म्हणते. आय.एस. ६९४ हे ते मानक. ज्या क्षणी धातूवर विजेला अडविणारे आवरण चढले, त्या क्षणी ती वस्तू केबलच्या कुळात गेली, असा मानकाचा दृष्टिकोन आहे. दुकानात जाऊन ‘केबल’ मागितली तर मात्र दुकानदार दोन-तीन पदरांवर आणखी एक जाड आवरण असलेला प्रकार काढून देईल. व्यवहारातील हा भेद मोडण्याचे कारण नाही. मागणीपत्रात मात्र केवळ नावावर विसंबू नये, वस्तूचे अंग लिहावे. त्यासाठी ते अंग कोणकोणते, हे पाहिले पाहिजे.

केबलचा तुकडा धारदार सुरीने आडवा कापून पाहा. मधोमध धातू दिसेल. त्याला ‘संवाहक’ म्हणतात, कारण तो वीज वाहतो. संवाहक एकाच जाड तारेचा असेल तर तो ताठ असतो, अनेक बारीक तारांचा असेल तर लवचीक. या बारीक तारांना पाठ्यपुस्तकांतून ‘तंतू’ म्हटलेले आढळते. आमच्या मते दोर वळणाऱ्यांचा ‘पेड’ हा शब्द अधिक बरा, कारण त्यात वळण्याची क्रियाही आली. संवाहकावर जे पहिले आवरण असते ते ‘निरोधन’. वीज बाहेर न येऊ देणे हे त्याचे काम. या निरोधनासह असलेल्या संवाहकाला ‘गाभा’ म्हणतात, आणि येथेच बहुतेकांची चूक होते. गाभा म्हणजे आतले तांबे, असे आपण समजतो. मानकाच्या परिभाषेत गाभा म्हणजे तांबे आणि त्यावरचे निरोधन मिळून झालेली एक संपूर्ण वस्तू. ‘तीन कोअरची केबल’ म्हणजे तीन निरोधित संवाहक असलेली केबल, तीन तांब्याच्या तारांची नव्हे. एकेका गाभ्यात सात, चोवीस किंवा त्याहूनही अधिक तारा असू शकतात.

गाभ्यांवर सर्वांना मिळून जे बाहेरचे आवरण असते, ते ‘आच्छादन’. बाजारात त्याला ‘शीथ’ म्हणतात. त्याचे काम वीज अडविण्याचे नाही, ओल, घासणे व ओरखडे यांपासून आतल्या गाभ्यांचे रक्षण करण्याचे आहे. जमिनीत पुरावयाच्या केबलीत आच्छादनाच्या आत पोलादी तारांचे किंवा पट्ट्यांचे वेटोळे असते, ते ‘कवच’. कुदळीचा चुकार घाव कवच काही अंशी सोसते. इंग्रजी शब्दाचा असा चपखल प्रतिशब्द क्वचितच सापडतो, आणि तो वापरात आणावयास हरकत नसावी.

निरोधन आणि आच्छादन यांतील भेद केवळ शब्दांचा नाही. एकपदरी हाउस वायरला निरोधन असते, पण आच्छादन नसते. म्हणून तिने नळीतून किंवा पट्टीतूनच गेले पाहिजे. ती उघडी भिंतीवर ठोकणे, कौलांखालच्या वाशावरून ओढणे, अगर कुळागरातील माडांना बांधून नेणे म्हणजे अंगरख्याशिवाय पावसात उभे राहण्यासारखे आहे. उन्हाने व घासण्याने निरोधनाला चीर पडली की तिच्यामागे दुसरे काहीच नसते.

परिभाषेबद्दल येथेच दोन शब्द लिहिणे उचित होईल. केंद्र सरकारने १९६१ मध्ये वैज्ञानिक व तांत्रिक शब्दावली आयोग नेमला. त्याच्या धोरणात एक शहाणपणाचे सूत्र आहे : व्होल्ट, अँपिअर, ओम, वॉट यांसारखी, शास्त्रज्ञांच्या नावांवरून पडलेली एककांची नावे भाषांतरित करावयाची नाहीत. हेच तारतम्य इतरत्रही पाळावे. संवाहक, निरोधन, कवच हे शब्द अर्थ सांगतात, म्हणून ते शिकवावे. केबलला ‘रज्जू’ म्हणण्याचा आग्रह मात्र धरू नये. शब्द संस्कृत आहे की परका, हा प्रश्न दुय्यम आहे. तो एकाच वस्तूला घट्ट बांधलेला आहे की नाही, हा खरा प्रश्न. भारतीय मानकांच्या आय.एस. १८८५ या विद्युत्-परिभाषेच्या मालिकेत एक स्वतंत्र भाग केबलच्या शब्दांना दिलेला आहे, तो याच कारणाने.

मापाचा घोळ

सर्वांत मोठा घोटाळा मापात होतो. जुने वायरमन अजूनही ‘एक-अठरा’, ‘तीन-बावीस’, ‘तीन-वीस’, ‘सात-वीस’ अशी मापे बोलतात. त्यांतील पहिला आकडा तारांच्या संख्येचा आणि दुसरा ब्रिटिश गेजचा. सात-वीस म्हणजे २० गेजच्या सात तारा. या गेजमध्ये आकडा वाढला की तार बारीक होते, ही गोष्ट नवख्याला हटकून चकविते. १८ गेजची तार सुमारे १.२२ मिलिमीटर व्यासाची, २० गेजची ०.९१, आणि २२ गेजची ०.७१.

देशात मेट्रिक पद्धत १९५६ च्या कायद्याने आली. त्यानंतर वायरचे माप संवाहकाच्या छेदाच्या क्षेत्रफळावर, म्हणजे चौरस मिलिमीटरवर ठरू लागले. ‘दीडची’, ‘अडीचची’, ‘चारची’ असे आपण म्हणतो ते हेच. हे माप फक्त धातूचे आहे. आवरणासह जाडीचा त्याच्याशी संबंध नाही. हलक्या प्रतीच्या मालात आवरण फुगवून तांबे चोरलेले असते, आणि बोटाला जाड लागणारी वायर वस्तुतः बारीक निघते.

जुन्या मापाचे नव्यात रूपांतर करताना सावध राहावे. हिशेब केला तर एक-अठरा व तीन-बावीस ही दोन्ही मापे सुमारे १.२ चौरस मिलिमीटर भरतात, तीन-वीस सुमारे २, आणि सात-वीस सुमारे ४.६. आज मिळणारी मापे १, १.५, २.५, ४, ६, १० अशी आहेत. म्हणजे तीन-वीसच्या जागी २.५ घेतली तर उत्तम. सात-वीसच्या जागी मात्र दुकानदार सहज ४ ची देतो, आणि ग्राहक समजतो की जुनीच वायर नव्या नावाने मिळाली. प्रत्यक्षात तांबे कमी झालेले असते. भार तोच असेल, तर तेथे ६ ची घेणे योग्य.

आरंभी सांगितलेल्या शाळेतील बंडलावर ‘२४/०.२०’ असे छापलेले होते. अर्थ असा की ०.२० मिलिमीटर व्यासाच्या चोवीस तारा. क्षेत्रफळ पाऊण चौरस मिलिमीटर. त्या वायरचा तो मुळी धर्मच नव्हता. दिवा, पंखा, रेडिओ यांसारख्या हलवाव्या लागणाऱ्या लहान उपकरणांसाठी ती केलेली असते, आणि तिचे नाव ‘कॉर्ड’. एक अश्वशक्तीचा पंप ओझ्याखाली सात-आठ अँपिअर सहज घेतो, आणि सुरू होण्याच्या क्षणी त्याच्या काही पट. तिची दोन पदरांची, आच्छादन नसलेली बांधणी कायमच्या जोडणीला चालतच नाही.

वायर जळते तेव्हाच ती अपुरी असल्याचे कळते, असेही नाही. पुष्कळदा ती न जळता नुकसान करते. शिक्षकांना वर्गात फळ्यावर मांडता येईल असे एक उदाहरण देतो. घराच्या मीटरपासून कुळागरातील पंप १५० मीटर अंतरावर आहे आणि तो १० अँपिअर प्रवाह घेतो, असे समजा. प्रवाहाला जाऊन परत यावयाचे असते, म्हणून वायरची लांबी ३०० मीटर धरावी. अडीचच्या तांब्याच्या वायरचा रोध किलोमीटरला ७.४१ ओमपर्यंत असतो. म्हणजे ३०० मीटरला सुमारे २.२ ओम. त्याला १० ने गुणले की २२ व्होल्ट वाटेतच गळून पडतात. मीटरपाशी २३० असले तरी पंपापाशी २०८ पोचतात. सहाच्या वायरचा रोध किलोमीटरला ३.०८ ओम असतो, तीच गळती मग सुमारे ९ व्होल्टांवर येते. पहिल्या वायरीत पंप चालू असेपर्यंत २२० वॉट शक्ती नुसती उष्णता होऊन जाते, आणि तिचे बिल आपण भरतो. पंप सुरू होताना प्रवाह अधिक असल्याने गळतीही तेवढीच वाढते. मग पंप घुमतो पण फिरत नाही, आणि दोष वीज खात्याच्या व्होल्टेजला दिला जातो. व्होल्टेज कधीकधी खरोखरच कमी असते, हे आम्ही नाकारीत नाही. पण तक्रार करण्यापूर्वी मीटरपाशी व पंपापाशी, दोन्हीकडे मोजून पाहावे.

अॅल्युमिनियमची गोष्ट थोडी निराळी. एकाच मापाच्या तांब्याशी तुलना केली तर त्याची वहनशक्ती साठ टक्क्यांच्या आसपास असते, म्हणून तेवढ्याच कामाला ते दीडपटीहून अधिक जाड घ्यावे लागते. तरीही वजन निम्मेच भरते, यामुळे खांबांवरच्या तारांना तेच पसंत पडले. काही दशकांपूर्वीच्या अनेक घरांत अॅल्युमिनियमचे वायरिंग आहे. त्याला नवे तांबे नुसते पिळून जोडू नये. दोन धातूंच्या सांध्यात, विशेषतः आमच्या किनाऱ्याच्या दमट हवेत, गंज चढतो, सांधा तापतो, आणि आग लागते ती बहुधा अशा सांध्यातून.

वायरवर काय छापलेले असते

चांगल्या वायरच्या अंगावर ठरावीक अंतराने काही मजकूर छापलेला असतो. तो वाचण्याची सवय लावून घ्यावी. उत्पादकाचे नाव, माप, मानकाचा क्रमांक आणि आयएसआय चिन्ह एवढे तरी त्यात असावे. चिन्हाबरोबर ‘सीएम/एल’ या अक्षरांनी सुरू होणारा परवान्याचा क्रमांक असतो, आणि भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइलवरील सोयीतून तो खरा की खोटा हे तपासता येते. पी.व्ही.सी. आवरणाच्या वायरींना हे चिन्ह २००३ च्या केंद्रीय आदेशान्वये सक्तीचे आहे.

‘११०० व्होल्ट’ असा आकडा दिसला की ती फार शक्तिमान वायर असावी, असे पुष्कळांना वाटते. तो आकडा केवळ निरोधनाच्या सहनशक्तीचा आहे. प्रवाह किती सोसेल, हे त्यावरून कळत नाही. ते मापावरून व बसविण्याच्या पद्धतीवरून ठरते. ‘एफ.आर.’ या अक्षरांचा अर्थही असाच ताणला जातो. एफ.आर. वायर जळत नाही असे नव्हे. ज्योत दूर केल्यावर ती आग पुढे नेत नाही, एवढाच तिचा गुण. साधे पी.व्ही.सी. जळताना हायड्रोजन क्लोराइड हा घुसमटविणारा वायू व दाट धूर सोडते. ‘एफ.आर.एल.एस.’ या प्रकारात धूर कमी होतो. ज्या सभागृहात, शाळेत वा रुग्णालयात माणसे एकत्र जमतात तेथे या दुसऱ्या प्रकाराचा आग्रह धरणे रास्त आहे. ‘एच.आर.’ म्हणजे उष्णता अधिक सोसणारे पी.व्ही.सी. साधे पी.व्ही.सी. ७० अंश सेल्सिअसपर्यंत, हे ८५ पर्यंत.

मग त्या शाळेच्या यादीत काय लिहावयास हवे होते? विहिरीपर्यंतचे अंतर चाळीस मीटर होते असे धरले तर पुढील ओळ पुरेशी झाली असती : ‘केबल, तांब्याची, तीन गाभ्यांची, २.५ चौरस मिलिमीटर, पी.व्ही.सी. निरोधन व आच्छादन, ११०० व्होल्ट, आयएसआय चिन्हांकित, ४५ मीटर.’ दोन गाभे फेज व न्यूट्रलचे, तिसरा अर्थिंगचा. ही ओळ लिहिण्यास अर्धे मिनिट अधिक लागते, आणि लेखापरीक्षकालाही तिच्यात बोट ठेवावयास जागा मिळत नाही.

निळ्या रंगाचा फसवा अर्थ

रंग हीदेखील एक भाषाच आहे, आणि तिच्यातही एका शब्दाला दोन अर्थ असल्याने माणसे दगावतात. आपल्याकडील पक्क्या वायरिंगच्या रूढ पद्धतीत तांबडा, पिवळा व निळा हे तीन फेजचे रंग, काळा न्यूट्रलचा, आणि हिरवा किंवा हिरवा-पिवळा अर्थिंगचा. फेजला पाठ्यपुस्तकांत ‘कला’ म्हणतात, त्यावरून ‘त्रिकला’ वीज. उपकरणांबरोबर येणाऱ्या तीन गाभ्यांच्या कॉर्डमध्ये मात्र बहुधा तपकिरी फेज, निळी न्यूट्रल, आणि हिरवी-पिवळी अर्थिंग असते. म्हणजे मिक्सरच्या कॉर्डमधील निळी ही न्यूट्रल, आणि त्रिकला पंपाच्या चपट्या केबलमधील निळी ही जिवंत फेज. मिक्सरचा प्लग बसविण्यात हात बसलेला तरुण पंपाच्या पेटीत हात घालतो आणि निळीला ‘थंड’ समजतो. त्याला ते समजण्यास आधार आहे, हेच या गोष्टीतले भयंकर आहे. युरोपीय बोटींवर नोकरी करून आलेल्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे : तेथील त्रिकला पद्धतीत तपकिरी, काळा व करडा हे फेजचे रंग आहेत. आपल्याकडची बिचारी काळी तेथे जिवंत असते.

‘थंड’ हा शब्दच मुळी टाकून द्यावयास हवा. न्यूट्रलची तार वाटेत कोठे तुटली, तर तिचे उपकरणाकडील टोक फेजइतकेच घातक होते. दिवा बंद दिसतो आणि तार मात्र जिवंत असते. म्हणून रंग पाहून हात घालू नये, टेस्टर लावून पाहावा आणि त्याआधी मेन स्विच पाडावा.

हिरवीबद्दल एक वाईट खोड अनेक ठिकाणी आढळते. तांबडी वायर संपली की उरलेली हिरवी फेजला ओढून काम उरकावयाचे. पाच-दहा वर्षांनी दुसरा वायरमन येतो, हिरवी दिसताच ती अर्थिंग मानतो आणि पंपाच्या लोखंडी अंगाला जोडतो. अर्थिंगला आपले वायरमन नुसते ‘अर्थ’ म्हणतात. मराठी कानाला हा योगायोग मोठा गोड लागतो, पण हिरव्या तारेचा अर्थ बदलला तर काय होते ते त्या पंपाला हात लावणाऱ्यालाच कळते. जेथे दुसरा रंग मिळतच नाही, तेथे वायरच्या दोन्ही टोकांना योग्य रंगाची पट्टी तरी गुंडाळावी.

खांबावरची जनावरे

लाइनमनच्या तोंडी कधी ‘रॅबिट’, ‘डॉग’, ‘पँथर’ असे शब्द आले तर आश्चर्य करू नये. पोलादी गाभ्याभोवती अॅल्युमिनियमच्या तारा वळलेल्या संवाहकांना ब्रिटिश प्रथेने प्राण्यांची नावे दिलेली आहेत, आणि ती आपल्याकडेही चालतात. लहानापासून मोठ्यापर्यंत ती अशी : स्क्विरल म्हणजे खार, वीझल हा मुंगसासारखा एक लहान प्राणी, रॅबिट म्हणजे ससा, मग रॅकून, डॉग, पँथर, झेब्रा, आणि मूस हे मोठे सांबर. प्रत्येक नाव म्हणजे एक पूर्ण बांधणी होय. रॅबिट म्हटले की ३.३५ मिलिमीटरच्या सहा अॅल्युमिनियमच्या तारा आणि मध्ये तेवढ्याच जाडीची एक पोलादी. डॉग म्हटले की ४.७२ च्या सहा अॅल्युमिनियमच्या, आणि मध्ये १.५७ च्या सात पोलादी. मूसमध्ये अॅल्युमिनियमच्या चौपन्न तारा असतात. पोलाद नसलेल्या, केवळ अॅल्युमिनियमच्या संवाहकांना कीटकांची नावे : नॅट, अँट, वॉस्प, म्हणजे चिलट, मुंगी, गांधीलमाशी. भर पावसात खांबावर चढलेल्या माणसाने खाली ओरडून साहित्य मागावयाचे, तर आकड्यांची लांबण लावण्यापेक्षा एका जनावराचे नाव सोयीचे आणि न चुकणारे. परिभाषा कशी असावी, याचा हा उत्तम नमुना आहे.

या नावांपेक्षा एक गोष्ट मात्र प्रत्येक गावकऱ्याला ठाऊक असणे अगत्याचे आहे. खांबावरचे हे संवाहक उघडे असतात. त्यांच्यावर रबराचे किंवा प्लॅस्टिकचे आवरण असते, अशी समजूत आम्ही अनेकांच्या तोंडून ऐकली आहे. लांबून त्या तारा करड्या-काळसर दिसतात तो अॅल्युमिनियमवर हवेने चढलेला थर होय. तो विजेपासून कोणाचेही रक्षण करीत नाही. लोखंडी नळीने नारळ वा आंबे पाडणे, ओल्या बांबूची शिडी तारेखालून उभी नेणे, किंवा तारेवर रेललेली माडाची झावळ ओढणे यांत जीव जातो तो ‘वायर’ या शब्दाने मनात निर्माण केलेल्या आवरणाच्या भ्रमामुळे. घरातली वायर आवरणाची असते, म्हणून खांबावरचीही तशीच असेल, असे मन धरून चालते.

काही ठिकाणी आता खांबांवर काळ्या रंगाच्या, एकत्र पीळ घातलेल्या जाड वायरी दिसतात. त्या ‘एरियल बंच्ड केबल’. त्यांच्यावर निरोधन असते आणि फांदी टेकली तरी लगेच बिघाड होत नाही. त्यांनाही हात लावावयाचा नाही, कारण उन्हापावसाने कोठे चीर गेली आहे हे खालून दिसत नाही. जेथे केबल जमिनीखालून नेलेली आहे तेथे धोका डोळ्यांआड असतो. मानकाप्रमाणे कमी दाबाची केबल पाऊण मीटर, ११ किलोव्होल्टपर्यंतची ०.९ मीटर, आणि ३३ किलोव्होल्टची १.०५ मीटर खोल असते. तिच्यावर वाळूचा थर व विटा घालण्याची रीत आहे. नळाचा चर खणताना ओळीने विटा लागल्या तर ते जुने बांधकाम समजून कुदळ पुढे चालवू नये. काम थांबवावे आणि वीज खात्याच्या कार्यालयातून केबलची वाट विचारून घ्यावी.

तुटून पडलेली तार दिसली तर ती जिवंत आहे की मेलेली, हे ठरविण्याच्या भरीस पडू नये. ओली जमीन असेल तर तारेपासून काही पावलांवरही धोका असतो. माणसे व गुरे दूर ठेवावीत, कोणीतरी राखणीला उभे राहावे आणि १९१२ या क्रमांकावर कळवावे. कळविताना जवळच्या खांबावर रंगविलेला क्रमांक सांगितला, तर लाइनमनला जागा शोधत फिरावे लागत नाही.